हसायला या, पास सोबत आणा

माणसाला लग्नाचं बोलावणं येतं, बारशाचं येतं, नशीब फुटकं असलं तर कोर्टाचंही येतं. चनबसाप्पा हुक्केरींना हसण्याचं बोलावणं आलं. तेही टपालानं, टाईप केलेलं, खाली सही आणि गोल शिक्का. 'निमंत्रितांसमोर होणाऱ्या विनोदी नभोनाट्याच्या ध्वनिमुद्रणास आपण सहकुटुंब, तसेच परिचयातील पंचवीस हसऱ्या व्यक्तींसह उपस्थित राहावे,' असं त्यात लिहिलं होतं. 'हसऱ्या' या शब्दाखाली पेनानं रेघ मारलेली होती.

रेघ मारणारे गृहस्थ म्हणजे रेडिओवरचे निर्माते इंगवले साहेब. त्यांनी चनबसाप्पांना महिन्याभरापूर्वी गडमुडशिंगीच्या एका लग्नात ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. मांडवाच्या ह्या टोकाला कुणीतरी काहीतरी बोललं आणि चनबसाप्पा हसले, तर त्या टोकाला भटजी पुढची ओळ विसरले आणि वाजंत्र्यांना वाटलं लग्न लागलं. त्यांनी बडवायला सुरुवात केली. मुलीकडची माणसं अजून म्हणतात की आमचा मुहूर्त त्या फौंड्रीवाल्यानं दोन मिनिटं अलीकडं ओढला. इंगवले साहेब मात्र हातातला लाडू टाकून हसणाऱ्याला हुडकत आले. त्यांचं दुःख निराळंच होतं. त्यांच्या नाटकांना निमंत्रित म्हणून जी मंडळी यायची ती सगळी साहेबलोकांच्या घरातली. विनोद झाला की ती रुमाल तोंडाला लावायची. आता रुमालातलं हसू मायक्रोफोनला कसं कळावं?

चनबसाप्पा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत स्टोअरकीपर होते. वय बावन्न, कपाळाला विभूती, पोट जरा पुढं आणि आवाज त्याच्याही पुढं. भट्टी पेटलेली असो, घण पडत असोत, चनबसाप्पा स्टोअरात हसले की गेटवरचा वॉचमन आपोआप उठून उभा राहायचा. घरात, फौंड्रीत, उत्तरेश्वर पेठेतल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीत त्यांची ओळख म्हणजे त्यांचं हसणं. दुसरं काही नव्हतंच म्हणा ना. पगार बेताचा, घर भाड्याचं, चेहरा चारचौघांसारखा. पण हसायला लागले की राजा. त्या राजाला आता राजपत्र आलं होतं, आणि ते त्यांनी पहिल्या तासात गल्लीतल्या अकरा घरांत वाचून दाखवलं.

तिथंच चुकलं. कोल्हापुरात पंचवीस माणसांना बोलवायचं असलं तर सव्विसाव्याला कळता कामा नये. आणि गल्लीत सव्विसावा म्हणून कुणी नसतोच, सगळे पहिल्या पंचविसातलेच असतात. संध्याकाळपर्यंत साठ जणांनी आपण हसरे असल्याचं येऊन सांगितलं. ज्यांना कुणी जन्मात दात दाखवताना पाहिलं नव्हतं असे लोकसुद्धा दारात उभे राहून उगाचच खिदळू लागले. शेवटी यादीचं काम निवृत्त तलाठी गणपतराव यांनी अंगावर घेतलं. गणपतरावांनी आयुष्यभर सातबाऱ्यावर नावं चढवली होती. त्यांनी पंचवीस माणसांची यादी केली ती बापाच्या नावासकट, वयासकट आणि प्रत्येकाच्या घराच्या चतुःसीमांसकट, तीन प्रतींत.

ती यादी घेऊन चनबसाप्पा रजा टाकून रेडिओच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं यादी वर केली, खाली केली, उजेडात धरली आणि विचारलं की ह्या व्यक्ती हसऱ्या आहेत हे प्रमाणित कुणी केलंय. चनबसाप्पा म्हणाले, मी सांगतो की. कारकून म्हणाला, तुम्ही राजपत्रित अधिकारी आहात का? झालं. परत गल्ली. राजपत्रित अधिकारी गल्लीत कुठून असणार? गणपतरावांच्या ओळखीत एकच होते, गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर. त्यांनी बिचाऱ्यांनी यादी न वाचता सवयीनं खाली लिहून दिलं, 'वरील पंचवीसही तपासले. निरोगी आहेत. वाहतुकीस हरकत नाही.' आणि शिक्का मारला. कारकुनानं शिक्का बघितला आणि पास दिले. शिक्क्याच्या वरचं वाचायची आपल्याकडं पद्धत नाही, हे देवाचे उपकार.

पास आले आणि सल्ले सुरू झाले. ध्वनिमुद्रणाला आठ दिवस होते. गणपतरावांचं म्हणणं, आठ दिवस अजिबात हसायचं नाही, साठवायचं. तळं भरल्याशिवाय सांडव्यावरनं पाणी जात नसतंय. गल्लीतल्याच ज्ञानू पैलवानाला हे पटेना. तो म्हणाला, हसणं म्हणजे दम. रोज पन्नास बैठका आणि थंडाई. पलीकडच्या घरातल्या झुंबरबाईंना दोन्ही पटेनात. एवढं पत्र वाचून दाखवलंत साऱ्या गल्लीला, म्हणाल्या, नजर लागल्याबिगर ऱ्हायची न्हाई. आणि त्या रोज तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या घेऊन येऊ लागल्या आणि चनबसाप्पांच्या तोंडावरून ओवाळून, जळणाऱ्या मिरच्यांचा धूर त्यांच्या नाकात सोडून जाऊ लागल्या.

चनबसाप्पा भिडस्त. त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. सकाळी बैठका, रात्री थंडाई, मध्ये धूर आणि दिवसभर हसू आवरून धरायचं. फौंड्रीत फोरमन आकाराम रोज जेवणाच्या सुट्टीत काहीबाही किस्से सांगायचा आणि चनबसाप्पा हसले की सगळी पोटं धरायची. आता किस्सा संपला की चनबसाप्पा गंभीरपणे डबा बांधायचे. तिसऱ्या दिवशी आकारामनं विचारलं, अण्णा, माझं काय चुकलं? चनबसाप्पांनी साठवतोय म्हणून सांगितलं तर त्याला वाईट वाटलं. म्हणाला, म्हणजे माझ्या किश्शावर खर्च करण्यासारखं न्हवतं व्हय.

पाचव्या दिवशी चनबसाप्पांनी न्हाणीघराचं दार लावून थोडं हसून बघितलं. नुसतं चवीपुरतं. आणि तिथं त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आपण हसताना आधी 'हा' येतो का 'हो' येतो? पोट आधी हलतं का खांदे? चालताना पहिला पाय कुठला टाकायचा याचा विचार करायला लागलं की धडधाकट माणूस उंबऱ्यात आपटतो, तसं झालं. 'हा' काढला तर खोटा वाटे, 'हो' काढला तर गोंधळ्यासारखा. बायको दानम्मा बाहेरून विचारू लागल्या. त्यांचं माहेर संकेश्वरचं, त्या नवऱ्याला कानडी रिवाजानं 'री' म्हणायच्या. "री, पाय घसरला काय?" चनबसाप्पांनी आतून सांगितलं की काही नाही, हसतोय. दानम्मा चूल बघायला गेल्या.

रविवारी सकाळी ज्ञानूनं कुणाचा तरी टेम्पो आणला. त्यातून आदल्या दिवशी फौंड्रीची काळी वाळू गेली होती. पंचवीस निरोगी श्रोते, चनबसाप्पा आणि दानम्मा त्यात बसून निघाले आणि सभागृहापाशी उतरले तेव्हा पुढून लग्नाला निघाल्यासारखे होते आणि मागून सगळे ओतकाम करून आल्यासारखे. चनबसाप्पांनी खास ह्या दिवसासाठी नवीन कोल्हापुरी चप्पल घेतली होती. करकर वाजणारी. माणूस येतोय हे त्याच्या आधी चपलेनं सांगावं, हाच तर तिचा रुबाब. दारातल्या शिपायानं पहिली करकर ऐकली आणि हात आडवा केला. आवाज करणारी पादत्राणं आत चालणार नाहीत, टेपवर येतात. सत्तावीस जणांच्या करकरत्या चपला बाहेर निघाल्या. मग बायकांच्या बांगड्या. त्या किणकिणतात, म्हणून प्रत्येकीच्या मनगटाला रुमाल बांधायला लावला. सगळ्या बायका कुठल्यातरी अपघातातून उठून आल्यासारख्या दिसू लागल्या. मग भडंग. झुंबरबाईंनी तीन किलो भडंग आणलं होतं, कारण एवढं दुसऱ्याच्या दारात जायचं तर रिकाम्या हातानं कसं जाणार? शिपाई म्हणाला, कुरकुरीत वस्तू बंद. पिशवी त्यानं आपल्या स्टुलाखाली ठेवली. आत जाता जाता चनबसाप्पांनी मागं वळून पाहिलं तर शिपायाचं तोंड हलत होतं.

आत पंखे बंद. त्यांचाही आवाज येतो म्हणे. मे महिना, दारंखिडक्या लावलेल्या, वर पांढरे दिवे. इंगवले साहेबांनी चनबसाप्पांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर एक मायक्रोफोन लोंबकळत ठेवला. अनवाणी पाय, पाठीला घाम, पँटीला वाळू, आणि वर तो मायक्रोफोन. चनबसाप्पांना आपण तोरणाखाली बसलोय का फासाखाली, तेच कळेना. इंगवले साहेबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. लाल दिवा लागला की गप्प. मी हात वर केला की हसायचं. सुरुवात हुक्केरीसाहेब करतील, बाकीच्यांनी त्यांच्या मागोमाग यायचं. गल्लीनं माना डोलावल्या. पुढारी आपला, मग काय.

लाल दिवा लागला. नाटक असं होतं की एक चिकट जोडपं पाहुण्याला चुकवायला घरात लपून बसलंय आणि पाहुणा दारात हाका मारतोय. पाहुणा झालेल्या नटानं लाकडाच्या फळीवर टकटक केलं आणि हाक दिली, "कुणी आहे का घरात?" मग कागदावर लिहिल्याप्रमाणे तो थांबला. पुन्हा हाक दिली. पुन्हा थांबला. तिसऱ्या हाकेला झुंबरबाईंना राहवलं नाही. "हाय की. या, आत या," त्या म्हणाल्या.

दिवा विझला. इंगवले साहेबांनी काचेमागच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून बाहेर येऊन हात जोडून सांगितलं की मावशी, तुम्ही उत्तर द्यायचं नाही, घरातले मुद्दाम गप्प आहेत, तोच विनोद आहे. झुंबरबाई ओशाळल्या. पण खरं सांगायचं तर कुणालाच त्यात विनोद दिसत नव्हता. दारात माणूस उन्हाचा हाका मारतोय आणि घरातली लपून बसल्यात, ह्यात हसायचं काय? दुसऱ्यांदा सुरुवात झाली. एक हाक, दोन हाका, तीन हाका. झुंबरबाईंनी पदर तोंडात कोंबला. चौथ्या हाकेला मागून ज्ञानू पैलवान उठला. "कडी उघडीच हाय पावणं, ढकला." तिसऱ्यांदा कुणी बोललं नाही, पण सगळ्या गल्लीनं मिळून असा काही 'च्च' केला की तोही टेपवर आला.

कसाबसा पाहुणा घरात शिरला. तिथं नाटकातली बाई विचारते, चहा टाकू का? पाहुणा भिडेनं म्हणतो, नको, आत्ताच घेतला. नवरा म्हणतो, बरं झालं, मग राहू दे. ह्या वाक्यावर इंगवले साहेबांनी हात वर केला, आणि हशाच्या ऐवजी सभागृहात आरडाओरडाच झाला. राहू दे कसं? नको म्हटल्यावर दोनदा आग्रह करायचा असतो एवढंही ह्या घरात शिकवलं नाही? गणपतराव उभे राहिले आणि थेट नटाकडं बघून म्हणाले, अहो अर्धा कप तरी घ्या. आता तो नटही बिचारा इथलाच. जन्मभराची सवय. त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं, द्या अर्धा." नाटकातला नवरा त्याच्याकडं बघत राहिला. पुढच्या सगळ्या प्रवेशात पाहुणा उपाशी होता म्हणून गंमत होती. त्यानं चहाच घेतला म्हटल्यावर नाटक संपलंच की.

इंगवले साहेबांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले. ते बाहेर आले तेव्हा हात जोडलेले नव्हते. म्हणाले, सभागृह आपल्याकडं एक वाजेपर्यंत आहे. साडेअकरा झाले. अजून एक हशा टेपवर नाही. तुम्ही हसला नाहीत तर माझं काही अडत नाही, पुण्याहून आणलेली हशाची टेप कपाटात आहे, ती मध्येमध्ये जोडीन.

सभागृहात असा सन्नाटा पसरला की लाल दिव्यालाही कधी जमला नसता. गणपतराव खुर्चीवरून अर्धवट उठले. "कोल्हापूरच्या नाटकाला पुण्याचं हसू लावणार?"

साहेबांनी खांदे उडवले आणि आत गेले. इकडं पंचवीस माणसांच्या माना एकाच वेळी पहिल्या रांगेकडं वळल्या.  ज्ञानूनं मागून खांद्यावर हात ठेवला. चनबसाप्पांना कळलं, आता आपल्या एकट्याची अब्रू राहिली नाही, गल्लीची आहे, पेठेची आहे, आणि हे असंच वाढत गेलं तर जिल्ह्याची. आठ दिवस साठवलंय. आता सांडव्याचं दार उघडायचं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, डोळे मिटले.

लाल दिवा. नट बोलला. इंगवले साहेबांचा हात वर गेला. चनबसाप्पांनी तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. 'हा' का 'हो' ते ठरेना. त्यांनी जोर लावला. तेव्हा सायकलच्या ट्यूबची हवा सोडल्यासारखा एक बारीक 'फिस्स' बाहेर पडला, आणि त्याच्या मागोमाग उचकी लागली. एक. मग दुसरी. वरचा मायक्रोफोन सगळं इमानदारीनं घेत होता. चनबसाप्पांना वाटलं, जमीन फाटली तर बरं होईल. खरंच वाटलं. बावन्न वर्षांत एवढी लाज कधी वाटली नव्हती.

आणि त्या शांततेत बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं.

आधी खाली, घागर भरताना पाणी बुडबुडतं तसं. मग ते चढत गेलं, चढत गेलं, आणि काठोकाठ आल्यावर फुटलं. मोकळं, गोल, खणखणीत. चनबसाप्पांनी उचकी गिळत मान वळवली. कोण ही बाई? आपल्या गल्लीतली तर वाटत नाही. बाहेरची कुणी शिरली की काय बिनपासाची? त्यांना रुमाल बांधलेले दोन हात दिसले, डोळ्यांतून वाहणारं पाणी पुसणारे. पदर खांद्यावर पडलेला. दानम्मा.

दानम्मा त्यांच्याकडंच बघून हसत होत्या. थांबायचा प्रयत्न करत होत्या, तेवढ्यात तिसरी उचकी आली आणि त्या पुन्हा वाकल्या. मग झुंबरबाई गेल्या. मग ज्ञानू. गणपतराव तलाठी, ज्यांच्या तोंडावर चाळीस वर्षं सरकारी कागद चिकटवल्यासारखा होता, ते खुर्चीवरून घसरले. पाहुणा हसला, नाटकातला नवरा हसला. काचेमागं इंगवले साहेब दोन्ही हात वर करून नाचत होते. पुढचं नाटक एका दमात झालं. पाहुण्यानं हाक मारली की गल्ली उत्तर द्यायची, नट त्यावर काहीतरी सुचेल ते बोलायचा आणि दानम्मा हसायच्या. साहेबांनी हात वर करायचं सोडूनच दिलं. गरजच उरली नव्हती. अख्ख्या सभागृहात हसला नाही तो एकच माणूस, ज्याला हसण्याचं पत्र आलं होतं.

येताना टेम्पोत सगळे 'वैनी, काय हसलासा' म्हणून दानम्मांभोवती. चनबसाप्पा एका कडेला बसून, घशाला कोरड पडली होती, धुरानं झालं असेल, थंडाई बाधली असेल असं कुणी न विचारता सांगत होते. कुणी ऐकत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला नाटक लागलं. गल्ली चनबसाप्पांच्या खोलीत कोंबून बसली. एकेक हशा आला की गणपतराव कान देऊन निकाल द्यायचे. हे आपलं. हेही आपलं. एका ठिकाणी जरा बेतानं, मोजूनमापून हसल्यासारखं ऐकू आलं तर म्हणाले, हे पुण्याचं असणार. पण ज्ञानू म्हणाला, न्हाई, ते मीच, मला ठसका लागलेला. म्हणजे सगळं आपलंच होतं. झुंबरबाईंचं 'हाय की, या' तसंच ठेवलं होतं. फिस्स आणि उचक्या तेवढ्या कापल्या होत्या. आणि सगळ्या नाटकभर ते गोल हसू. चनबसाप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांना राग आला होता, कुणाचा ते त्यांनाही कळत नव्हतं.

सोमवारी ते फौंड्रीत गेले तर गेटवर आकाराम हार घेऊन उभा. मागं मॅनेजर, वॉचमन, पहिली पाळी. सगळ्यांनी काल आपापल्या घरी रेडिओवर नाटक ऐकलं होतं. आकाराम म्हणाला, "अण्णा, आवाज वळखला आम्ही. रेडिओत जरा बारीक झालता, पण तुमचाच."

तिथं चनबसाप्पांना सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण मॅनेजर नारळ पुढं करत होते, झेंडूचा हार गळ्यात पडला होता, आणि आठवडाभर ह्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. चनबसाप्पांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. दिवसभर जो येईल तो 'आता हसून दाखवा' म्हणत होता आणि ते 'घसा' म्हणून गळ्याकडं बोट दाखवत होते.

हार काढून टाकायचा तर बसमध्ये टाकता येईना, नारळ तर नाहीच नाही. तसेच ते घरी आले. दारात परक्या चपला. आत खाटेवर इंगवले साहेब बसून अर्धा कप चहा पीत होते आणि दानम्मा उभ्या होत्या.

साहेब खुशीत होते. श्रोत्यांचे फोनवर फोन येतायत म्हणाले, तेरा भागांची मालिका मिळाली, आणि दर भागाला वैनी पाहिजेतच. "तुम्हीही या की हुक्केरीसाहेब," ते म्हणाले, "तुम्हाला हसायची सक्ती नाही." मग त्यांचं लक्ष गेलं. "हार कशाचा?"

दानम्मांनी हाराकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फौंड्रीत घातला," चनबसाप्पा म्हणाले. "हसल्याबद्दल."

इंगवले साहेबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि त्यांना एकदम कुठंतरी जायचं आठवलं.

साहेब गेल्यावर चनबसाप्पांनी हार काढला, खुंटीला लावला, परत काढला, नारळावर ठेवला. दानम्मा कप विसळत होत्या. पाठ वळवूनच बरं बोलता येईल असं वाटून ते भिंतीकडं बघत म्हणाले, "हे तुझं हाय. मी बोललो न्हाई तिथं. चुकलं माझं."

दानम्मांनी कप पालथा घातला.

"एवढं हसतीस तू," चनबसाप्पा म्हणाले, "कवापासनं?"

"पहिल्यापासनं," दानम्मा म्हणाल्या. "रोजच हसते की. तुमचं थांबतच न्हवतं, री. ऐकू कसं येणार?"

त्यांनी हे काही लावून म्हटलं नाही. उन्हाळ्यात ऊन पडतं तसं सांगितलं. पण चनबसाप्पा मनाशी हिशोब करू लागले. सव्वीस वर्षं झाली होती लग्नाला. सव्वीस वर्षं ते रोज काहीबाही सांगत आले होते आणि सांगून झालं की स्वतःच पहिल्यांदा हसत आले होते, भिंती हलेपर्यंत. समोर कुणी काय करतंय हे पाहिलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना ते गेटवर मुद्दाम थांबले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ते हसणं माझ्या बायकोचं होतं, माझी फक्त उचकी होती आणि तीही कापली. आधी कुणाला पटेना. मग पटलं, आणि फौंड्री हसली. आकाराम वाळूच्या ढिगावर बसला. वॉचमन हसता हसता मागं कलला, स्टुलाचा पाय मोडला आणि तो गेटवरच्या कुत्र्याच्या अंगावर पडला. कुत्रं मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसलं आणि मॅनेजर टेबलावर चढले. मॅनेजरनी टेबलावरूनच चनबसाप्पांना विचारलं की नारळ परत मिळेल का. दिवसभर जाईल तिकडं लोक त्यांना 'हिक्' करून दाखवत होते. बावन्न वर्षांच्या स्टोअरकीपरला शोभणारा तो दिवस नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुऊन ते स्वयंपाकघरात पाटावर बसले. दानम्मा भाकरी थापत होत्या. चनबसाप्पांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आकाराम, स्टूल, कुत्रं, टेबलावरचे मॅनेजर. नारळाशी आल्यावर त्यांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. जुनं, ओळखीचं, आठ अधिक नऊ दिवस कोंडलेलं. ते गळ्यापर्यंत आलं. चनबसाप्पांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं, आणि त्यांचे खांदे हलत राहिले, डोळ्यांत पाणी आलं, पण हात काढला नाही. दानम्मांकडं बघत ते थांबून राहिले.

दानम्मांच्या हातातली भाकरी तव्यावर पडता पडता वाकडी झाली. आधी खाली बुडबुडलं, मग चढलं.

पलीकडून झुंबरबाईंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, आज मंगळवारचं पण नाटक लागलंय काय? चनबसाप्पांनी तोंडावरचा एक हात काढून त्यांना गप्प बसायची खूण केली. भिंतीतून ती त्यांना दिसणार नव्हती, पण त्यांनी केली.